स्वस्तातला ट्रॅक सॉ घेताना: ट्रॅक आधी, मशीन नंतर

घरी वर्षातून दोन-चार वेळा प्लायवूडचं काम काढणाऱ्या माणसाची खरी अडचण एकच असते: आठ बाय चारची शीट सरळ कापायची कशी? पुस्तकांचं कपाट असो, किचन ट्रॉलीची खोकी असोत की मुलांचं अभ्यासाचं टेबल, सुरुवातीचे काप सरळ आणि काटकोनात आले की पुढचं जोडकाम सहज जुळत जातं. ते वाकडे गेले तर सगळा रविवार फटी बुजवण्यात जातो. १९ मिमी जाडीची पूर्ण शीट साधारण ३५ ते ४० किलो भरते. टेबल सॉवर ती एकट्याने ढकलणं अवघड, आणि फ्लॅटमध्ये तेवढी जागाही नसते. म्हणून शीट जागच्या जागी ठेवायची, मशीन तिच्यावरून चालवायचं आणि मशीन भरकटू नये म्हणून खाली ॲल्युमिनियमचा सरळ ट्रॅक ठेवायचा. ट्रॅक सॉ म्हणजे एवढंच. जर्मनीच्या फेस्टो कंपनीने, म्हणजे आजच्या फेस्टूलने, १९६० च्या दशकात ही पद्धत रुजवली. आज जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीकडे असं मशीन आहे.

कमी पैशात हे मशीन घेणारे बहुतेक लोक वॅट आणि आरपीएम बघतात. माझ्या मते तिथेच हिशोब चुकतो. १९ मिमी प्लाय कापायला १२०० वॅट पुरून उरतात. काप सरळ येतो तो ट्रॅकमुळे आणि स्वच्छ येतो तो ब्लेडमुळे. तेव्हा बजेट तुटपुंजं असेल तर कात्री मोटारीला लावा, या दोन गोष्टींना नको.

आधी ठरवा: हे मशीन खरंच लागणार आहे का?

एकच कपाट करायचं असेल आणि पुढे काही ठरलेलं नसेल, तर ट्रॅक सॉ घेऊ नका. मापांची यादी नीट लिहा आणि प्लायच्या दुकानात विचारा. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच व्यापाऱ्यांकडे किंवा त्यांच्या शेजारी पॅनेल सॉ असतो आणि काही पैसे घेऊन ते शीट कापून देतात. कापलेले तुकडे लिफ्टमधूनही वर येतात, अख्खी शीट मात्र बहुतेक इमारतींत जिन्यानेच चढवावी लागते. दुकानात कापून घेताना मायका लावायच्या तुकड्यांना चारही बाजूंनी दोन-तीन मिमी जास्त ठेवा.

ट्रॅक सॉ घेण्यात अर्थ आहे तो दर काही महिन्यांनी काम निघत असेल तर. किंवा जुनं फर्निचर मोडून नवं करायची आवड असेल तर, कारण जुन्या फळ्या कापून द्यायला दुकानदार सहसा तयार होत नाही. जुन्या लाकडात लपलेला एक खिळा त्याचं महागडं ब्लेड खराब करतो. पावसाळ्यात फुगून चौकटीला घासणारं दार खालून पाच मिमी कापायचं असेल, तर मात्र या मशीनला तोड नाही. दार बिजागरीतून काढायचं, दोन स्टुलांवर आडवं ठेवायचं, ट्रॅक मारायचा आणि एका दमात कापायचं.

आपल्याकडे घरोघरी काम करणारे बरेच सुतार चार इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापतात. कटर स्वस्त आणि हलका असतो, तेव्हा त्यालाच एक सरळ पट्टी जोडली तर काय बिघडलं, असं वाटणं साहजिक आहे. पण हे यंत्र दगड आणि टाइल कापण्यासाठी बनलेलं आहे. कापून झाल्यावर ब्लेड झाकणारं खालचं कव्हर त्याला नसतं आणि ब्लेडच्या मागे काप उघडा ठेवणारी पातळ पात, म्हणजे रायव्हिंग नाइफ, तीही नसते. लाकूड मिटून ब्लेड आवळलं गेलं तर कटर थेट अंगावर उसळतो. हात बसलेला माणूस हे सांभाळून घेतो, पण सहा महिन्यांतून एकदा मशीन हातात धरणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

मधला मार्ग: सर्क्युलर सॉ आणि ट्रॅक

सात इंची साधा सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल ब्लेडची हातातली करवत, ट्रॅक सॉपेक्षा बराच स्वस्त मिळतो आणि इतर वेळी जाड लाकूड कापायलाही कामाला येतो. काही मॉडेल्सचा तळ कंपनीच्याच ट्रॅकवर बसतो, काहींना वेगळा अडॅप्टर मिळतो. इंग्लंडमध्ये आणि युरोपात इव्होल्यूशन कंपनी सर्क्युलर सॉ आणि त्यावर बसणारा ट्रॅक कमी किमतीत देते, तर अमेरिकेत क्रेगची गाइड बहुतेक साध्या सॉना जोडता येते. काप सरळ येतो, पण दोन गोष्टींवर पाणी सोडावं लागतं. एक म्हणजे ब्लेड वरून आत उतरवता येत नाही, त्यामुळे फळीच्या मधोमध चौकोनी खाच पाडणं कठीण जातं. दुसरं म्हणजे भुसा घरभर उडतो. बंगल्याच्या अंगणात किंवा गावच्या पडवीत काम करणार असाल तर दुसऱ्या गोष्टीचं काही वाटणार नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मात्र तीच सर्वांत मोठी गोष्ट ठरते.

ट्रॅक निवडताना

शीटची रुंदी १२२० मिमी, लांबी २४४० मिमी. आडव्या कापाला १४०० मिमीचा ट्रॅक लागतो, कारण ब्लेड लाकडात शिरण्याआधी मशीन ट्रॅकवर नीट बसलेलं असायला हवं आणि बाहेर पडतानाही थोडा आधार हवा. लांबीच्या कापाला २७०० मिमीच्या पुढे. एवढा लांब अखंड ट्रॅक लिफ्टमध्ये मावत नाही, घरात ठेवायलाही जागा नसते. त्यामुळे १४०० चे दोन तुकडे आणि मध्ये जोडपट्ट्या हेच घरगुती कामाला सोयीचं.

स्वस्त संचांकडे इथे बारकाईने बघा. युरोपात मिळणाऱ्या पार्कसाइड, शेपाख वगैरेंच्या अनेक संचांत ७०० मिमीचे दोन तुकडे असतात. खोक्यावर १४०० लिहिलेलं असतं, पण साध्या आडव्या कापातही सांधा मधोमध येतो आणि जोडताना केसभर वाक राहिला तरी तो प्रत्येक फळीवर उमटतो. असा संच घेतलाच, तर सवड होताच १४०० चा एक अखंड ट्रॅक वेगळा घ्या.

दुसरा मुद्दा जातकुळीचा. मकिटाचं मशीन फेस्टूलच्या ट्रॅकवर चालतं आणि उलटही, कारण दोघांच्या ट्रॅकचा उठाव, म्हणजे मशीन जिच्यावर बसून सरकतं ती उंच पट्टी, जवळपास सारखा आहे. बॉश आणि माफेल यांचा ट्रॅक एकमेकांना चालतो, पण मकिटाला चालत नाही. डीवॉल्टचा ट्रॅक वेगळाच आहे: मधल्या उठावाच्या दोन्ही बाजूंनी कापता येतं. स्वस्त कंपन्या बहुधा यातल्या एखाद्या घडणीची नक्कल करतात किंवा स्वतःची वेगळी काढतात. विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: उद्या याचा ट्रॅक किंवा कडेची रबरपट्टी हवी झाली तर कुठल्या कंपनीची चालेल? उत्तर गोलमोल आलं तर ते मशीन तिथेच ठेवा. रबरपट्टी झिजणारी वस्तू आहे, आज ना उद्या ती बदलावीच लागते.

ट्रॅक सरळ आहे का, हे दुकानातच तपासता येतं. सपाट फळीवर किंवा मोठ्या कागदावर ट्रॅक ठेवून त्याच्या ॲल्युमिनियमच्या कडेने टोकदार पेन्सिलने रेघ ओढा. आता ट्रॅक उचलून टोकाकडून टोकाकडे फिरवा, तीच कड त्याच रेघेच्या दुसऱ्या बाजूने लावा आणि पुन्हा रेघ ओढा. ट्रॅक सरळ असेल तर दोन रेघांची एकच रेघ दिसते. वाकडा असेल तर मध्ये किंवा टोकांशी फट दिसते, आणि ती प्रत्यक्ष वाकाच्या दुप्पट असल्यामुळे अर्धा मिमीचा दोषही डोळ्यांना लगेच कळतो. ऑनलाइन मागवलं असेल तर परत पाठवायची मुदत संपण्याआधी पहिलं काम हेच करा.

मशीनमध्ये काय बघायचं

नावाजलेल्यांपैकी मकिटाचा एसपी ६००० आणि डीवॉल्टचा डीडब्ल्यूएस ५२० हे १३०० वॅटचे, तर बॉशचा जीकेटी ५५ जीसीई १४०० वॅटचा. तिन्हींचं ब्लेड १६५ मिमी व्यासाचं आहे आणि कापाची खोली साधारण ५५ मिमीच्या घरात. स्वस्त मशीन या आकड्यांच्या आसपास असतं, म्हणून कागदावर सगळी सारखीच दिसतात. फरक हाताला कळतो.

मशीन ट्रॅकवर ठेवा आणि मूठ धरून आडवं हलवून बघा. तळाला दोन छोट्या चकत्या असतात, त्या फिरवल्या की ही हालचाल निघून जायला हवी आणि तरीही मशीन लोण्यासारखं पुढे सरकायला हवं. हालचाल राहिली किंवा ती घालवताना मशीन अडखळू लागलं, तर काप कधीच सरळ येणार नाही. मग मोटार १६०० वॅटची असली तरी काही उपयोग नाही.

मग प्लग न लावता मशीन खाली दाबा. ब्लेड एका रेषेत आणि सारख्या जोराने उतरायला हवं. शेवटच्या टप्प्यात मूठ डावी-उजवीकडे लवत असेल तर बिजागरी कमकुवत समजा. खोली ठरवणारा थांबा पक्का बसतो का, तेही बघा. ब्लेडच्या मागे रायव्हिंग नाइफ असेल तर चांगलंच. काही चांगल्या मशीनलाही ती नसते. तिच्या जागी मागे उसळणं रोखणारा खटका असतो. स्वस्त मशीनमध्ये मात्र या दोन्हींपैकी काहीतरी असल्याशिवाय ते घेऊ नका.

वेग कमी-जास्त करायची सोय ॲक्रिलिकसाठी लागते. केवळ प्लाय कापणार असाल तर ती नसली तरी अडत नाही. तिरका काप घेताना मशीन एका बाजूला कलंडतं, ते ट्रॅकला धरून ठेवणारी पकड असली तर छान. सर्व्हिस सेंटर आपल्या शहरात आहे का, मोटारीतले झिजणारे कार्बन ब्रश सहज मिळतात का, हे एका फोनवर कळतं.

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना मशीन आणायला सांगण्याचा मोह अनेकांना होतो. तिथली वायरची मशीन १२० व्होल्टची असतात, आपल्या २३० व्होल्टवर लावली तर जळतील. १३०० वॅटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर हा वेगळा जड संसार आहे. बॅटरीचं मशीन आणता येतं, पण चार्जर बहुधा तिथल्या विजेचाच असतो आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची बॅटरी ९० वॉट-अवरची होते, ती १०० च्या मर्यादेत असल्याने हातातल्या बॅगेत येते. त्याच कंपनीची बॅटरी आणि चार्जर तुमच्याकडे आधीच असतील तरच या खटपटीत पडा. शिवाय वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका.

ब्लेड

मशीनसोबत आलेलं ब्लेड बहुतेक वेळा कामचलाऊ असतं. प्लाय आणि मायकासाठी ४८ दातांचं, एकाआड एक डावी-उजवीकडे उतरत्या दातांचं कार्बाइड ब्लेड घ्या. सागवानासारखं भरीव लाकूड रेषेच्या दिशेने उभं चिरायचं असेल तर २४ दातांचं. ४८ दातांच्या ब्लेडने ते चिरायला गेलात तर भुसा बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि लाकूड करपतं. घेताना तीन गोष्टी जुळवा: व्यास, मधलं भोक (बहुतेक ट्रॅक सॉचं २० मिमी असतं) आणि दातांची जाडी. रायव्हिंग नाइफ असेल तर दातांची जाडी तिच्यापेक्षा थोडी जास्तच हवी. ब्लेडवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्त असायला हवा.

खर्चाचा हिशोब

किमती सेलगणिक बदलतात, पण हिशोबाची रीत बदलत नाही. कागदावर एकाखाली एक लिहा: मशीन, १४०० चे दोन ट्रॅक, जोडपट्ट्या, ट्रॅकचे दोन क्लॅम्प, चांगलं ब्लेड, व्हॅक्यूमचा नळ जोडणारा अडॅप्टर. नामांकित कंपन्या बऱ्याचदा ट्रॅकशिवाय नुसतं मशीन विकतात, त्यामुळे ऑनलाइन दिसणारा आकडा अर्धवट असतो. स्वस्त संचात ट्रॅक आणि क्लॅम्प धरलेले असतात. पूर्ण यादीची बेरीज केली की काही वेळा दोघांतलं अंतर वाटलं त्यापेक्षा कमी निघतं, काही वेळा जास्त. बेरीज झाल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

घरी आणल्यावर, पहिल्या कापाआधी

ट्रॅकच्या कडेला काळी किंवा पारदर्शक रबरपट्टी असते, ती नवी असताना मुद्दाम थोडी बाहेर आलेली ठेवतात. ती तुमच्या मशीनच्या ब्लेडनेच छाटायची असते. आधी नवं ब्लेड बसवा आणि चकत्या फिरवून मशीनची हालचाल घालवा. मग टाकाऊ प्लायवर ट्रॅक क्लॅम्पने आवळा, खोली फक्त पाच-सात मिमी ठेवा आणि मशीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता, सावकाश न्या. रबराची बारीक तार सुटत जाते आणि मागे उरलेली कड म्हणजे ब्लेडची नेमकी रेषा. यापुढे पेन्सिलची खूण थेट या कडेला लावायची, ब्लेडची जाडी वजा करायचा व्याप उरत नाही. जाडी किंवा घडण वेगळी असलेलं ब्लेड लावलंत तर ही रेषा बदलते, हे ध्यानात ठेवा.

आता प्लायचा एक काप घेऊन कड बघा. ट्रॅकच्या बाजूची कड करपलेली किंवा खरखरीत असेल, तर ब्लेडची मागची बाजू लाकडाला घासते आहे, म्हणजे ब्लेड ट्रॅकला समांतर नाही. मॅन्युअलमध्ये तळाचे स्क्रू ढिले करून हे जुळवायची पद्धत दिलेली असते. ती दिलेली नसेल आणि दोष ठळक असेल तर मशीन परत करा. शेवटी गुण्या लावून ब्लेड तळाशी काटकोनात आहे का ते बघा. अंशांच्या खुणांवर विसंबू नका.

पहिली शीट

शीटखाली तिच्या एवढाच जाड थर्माकोल पसरा किंवा समान जाडीच्या चार-पाच लाकडी पट्ट्या आडव्या ठेवा. कापाच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. एक बाजू लटकत राहिली तर ती शेवटी वाकते, काप मिटतो आणि ब्लेड अडकतं. खोली फळीच्या जाडीपेक्षा तीन ते पाच मिमी जास्त ठेवा. ट्रॅकची जाडी काही मशीनच्या पट्टीवर आधीच धरलेली असते, काहींवर नसते. ती साधारण पाच मिमी असते, तेव्हा एकदा मोजून खात्री करा.

कारखान्यातून आलेली कड सरळ असेलच असं नाही. आधी लांबीची एक कड पाच-दहा मिमी छाटून घ्या आणि पुढची सगळी मापं तिथूनच घ्या. ट्रॅक सॉ काप सरळ देतो, काटकोन देत नाही, तो आपल्यालाच आणावा लागतो. छाटलेल्या कडेवर ६०० मिमी, तिच्याशी काटकोनात ८०० मिमी अशा खुणा करा आणि त्यांच्यातलं तिरकं अंतर बरोबर १००० मिमी येईपर्यंत रेघ सरकवा. कापलेल्या फळीचे दोन्ही कर्ण मोजले की उरलीसुरली शंकाही फिटते.

दर्शनी बाजू खाली ठेवा. ब्लेडचे दात खालून वर येतात, त्यामुळे कपच्या वरच्या बाजूने उडतात. रबरपट्टी त्यांना दाबून धरते, पण फक्त ट्रॅकच्या बाजूला. म्हणून ट्रॅक नेहमी हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवा. मायका लावलेल्या शीटवर दोन्ही बाजू स्वच्छ हव्या असतील, तर आधी दोन मिमी खोलीचा एक काप घेऊन मग पूर्ण खोलीने कापा.

मशीन आधी पूर्ण वेगात येऊ द्या, मग ब्लेड खाली उतरवा. वायर आणि व्हॅक्यूमचा नळ खांद्यावरून मागे टाका. नळ ट्रॅकच्या टोकाला अडकून मशीन क्षणभर थबकतं आणि नेमक्या त्याच जागी कापावर खाच पडते. नवशिक्यांच्या वाकड्यातिकड्या कापांमागे बऱ्याचदा हेच कारण असतं. अरुंद पट्टी कापताना ट्रॅकच्या उघड्या राहिलेल्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची फळी सरकवा, नाहीतर ट्रॅक कलंडतो. एकाच रुंदीच्या अनेक पट्ट्या हव्या असतील तर दर वेळी टेपने मोजू नका. त्या रुंदीचे दोन ठोकळे करा आणि ट्रॅक त्यांनाच टेकवा.

धूळ, वीज, शेजारी

लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गटात ठेवलं आहे. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, धूळ तर पिठासारखी असते आणि तासन्‌तास हवेत तरंगते. घराच्या आत कापताना व्हॅक्यूम जोडल्याशिवाय मशीन सुरू करू नका. एन ९५ मास्क, चष्मा आणि कानांना संरक्षण हेही हवंच. हातमोजे मात्र फिरत्या ब्लेडजवळ नकोत.

मशीन आणि व्हॅक्यूम मिळून २४०० वॅट धरले तर दहा अँपिअरच्या वर करंट जातो. सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर हे चालवू नका, गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा प्लग वापरा. एक्स्टेन्शनची वायर किमान १.५ चौरस मिमीची असू द्या आणि ती गुंडाळलेली न ठेवता पूर्ण सोडा, गुंडाळीत ती तापते. ब्लेड बदलताना प्लग काढायचा, यात सूट नाही.

आवाज मोठा होतो. सोसायटीच्या ठरलेल्या वेळांतच काम करा आणि खालच्या-शेजारच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा. सगळे काप एका बैठकीत उरकले तर प्रत्यक्ष मशीन चालतं ते थोडाच वेळ, बाकीचा वेळ मोजण्यात आणि ट्रॅक लावण्यात जातो.

काम झाल्यावर ट्रॅक भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, महिनोन्‌महिने तसा राहिला आणि एखादं सामान त्यावर रेललं तर तो वाकतो. टोकाच्या भोकातून खिळ्याला उभा टांगा किंवा पलंगाखाली सपाट ठेवा. ब्लेडवर प्लायचा डिंक आणि मायकाचं चिकट साचलेलं असेल तर ब्लेड काढून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने दात घासा, कोरडं पुसून तेलाचं बोट फिरवा आणि मगच खोक्यात ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत उघडं राहिलेलं ब्लेड पाहता पाहता गंजतं.